बेमालूम काम

वहिनींचा पहिला दात हलला तेव्हा त्यांच्या तोंडात मेण कोरायची सुरी होती. दोन्ही हात गुंतलेले असले की सुरीची मूठ दातांत धरायची, ही त्यांची जुनी सवय. त्या दिवशी मूठ सटकली, सुरी टेबलावर पडली, आणि खालच्या ओळीतला मधला एक दात जिभेने ढकलला तसा पुढेमागे झाला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “या इकडे. घरचंच गिऱ्हाईक आलंय.”

भाऊंनी पॉलिशचं यंत्र बंद केलं, हात पुसले आणि वहिनींना खिडकीच्या उजेडात बसवून तोंड पाहिलं. हिरडी लालबुंद होती, दाताच्या मुळाशी सुजलेली. बोट लावलं तर रक्त आलं. भाऊंनी बोट पुसलं आणि पुन्हा दातच हलवून पाहिला.

“हा काही राहत नाही,” ते म्हणाले.

“मग काढा.”

“मी कसा काढू? मी डॉक्टर आहे का?”

“डॉक्टर नाही, तर एवढं पाहताय काय?”

दोघं हसले. आठवड्याभरात दात आपणच निघाला. काही चावताना नाही, नुसती चूळ भरताना बेसिनमध्ये पडला.

भाऊ आणि वहिनी कवळ्या बनवत. आजूबाजूचे सगळे, ज्यांचं काम ते करत ते दातांचे डॉक्टरसुद्धा, त्यांना भाऊ आणि वहिनीच म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत दुकान होतं. पण दुकानात गिऱ्हाईक कधी येत नसे. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन डबीतून पाठवत. त्या मापात भाऊ प्लास्टर ओतत, की रुग्णाचा जबडा टेबलावर तयार. त्यावर मेणाचा पाया घालून वहिनी एकेक दात बसवत. रंग निवडायचा, कल द्यायचा, माणूस हसला तर किती दिसेल याचा अंदाज घ्यायचा, हे सगळं वहिनींचं. मग मेणाच्या जागी हिरडीसारखा गुलाबी प्लास्टिकचा मसाला भरून तो शिजवायचा, कानशीने घासायचा, चकाकी आणायची, हे भाऊंचं. वहिनींनी बसवलेले दात दात वाटत नसत, त्या माणसाचे वाटत. कवळी घातलेल्या म्हाताऱ्यांचे नातेवाईक डॉक्टरांना सांगत, बाबा पुन्हा पहिल्यासारखे दिसायला लागले.

अशा रीतीने दोघांच्या हाताखालून अख्ख्या गावाची तोंडं गेली होती. पण ती सगळी प्लास्टरची. प्लास्टरच्या तोंडाला वास नसतो, त्याची हिरडी दुखत नाही, तिच्यातून रक्त येत नाही.

“मॅडमना दाखवू या का?” वहिनींनी विचारलं. मॅडम म्हणजे दोन गल्ल्या पलीकडच्या दातांच्या डॉक्टर. दुकानातलं निम्मं काम त्यांच्याकडून येई.

“मॅडमना? कशाला? म्हणजे उद्या सगळ्या डॉक्टरांत चर्चा, दुसऱ्यांना दात वाटत फिरतात आणि घरात बायको बोळकी.”

“एका दाताने कुणी बोळकी होत नाही.”

“मी आहे ना. संध्याकाळपर्यंत लावून देतो.”

वहिनींनी फार ताणून धरलं नाही. त्यांनाही ते पटत होतं. शिंप्याने फाटका सदरा घालून दुकानात बसू नये, असं त्याच म्हणत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एका फळीवर कोपऱ्यात एक जुना साचा होता. धंदा नवा होता, काम नव्हतं, तेव्हा सराव म्हणून दोघांनी एकमेकांच्या तोंडाची मापं घेतली होती. भाऊंचा साचा कधीतरी पडून फुटला. वहिनींचा राहिला. त्यात त्यांचे तरुणपणीचे सगळे दात होते, खालचा मधला किंचित तिरका, वरचा एक सुळा थोडा पुढे. भाऊंनी तो साचा पुसून समोर ठेवला आणि त्यातला तिरका दात जसाच्या तसा उतरवला. रंग वहिनींनी स्वतःच आरशात बघून निवडला. एका दाताची लहानशी प्लेट, मागे दोन बारीक तारा. संध्याकाळी ती तोंडात बसली तेव्हा जिभेलासुद्धा पत्ता लागेना.

“कसं ओळखायचं, बरं झालं की नाही?” वहिनी म्हणाल्या.

“रविवारी कळेल,” भाऊ म्हणाले. “ताई येतीये.”

ताई भाऊंची थोरली बहीण. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही अशी त्यांची ख्याती होती आणि ती त्यांनी स्वतःच पसरवली होती. आल्या आल्या त्या उंबऱ्यातूनच सांगत, पडदा नवा घेतलास, कपाचा कान उडालाय, भिंतीला ओल धरलीये. रविवारी त्या आल्या, वहिनींच्या समोर बसल्या, तासभर बोलल्या. वहिनी मुद्दाम खूप हसल्या. ताई निघताना एवढंच म्हणाल्या, “आज काय गं, सारखे दात काढतीयेस?”

दार लागलं आणि दोघं पोट धरून हसले. दात काढले म्हणे! भाऊंनी डोळे पुसले. त्या दिवसापासून या प्रकाराला नाव पडलं, ताईंची परीक्षा.

पुढच्या काही वर्षांत परीक्षा पुन्हा पुन्हा झाली. पहिल्याच्या शेजारचा गेला. मग पलीकडचा. मग वरचे सुरू झाले, त्यांची दुसरी प्लेट झाली. दर वेळी भाऊ साचा खाली घेत, एक दात उतरवत, प्लेटला जोडत. आता प्लेटांवरचे दात उरलेल्या खऱ्या दातांपेक्षा जास्त होते. तरीही दिसायला वहिनींचं हसू तेच, फळीवरच्या साच्यातलं. वय वाढत होतं, केस पांढरे होत होते, हसू मात्र तरुण बाईचं राहिलं होतं. दर रविवारी ताई समोर बसत आणि दर वेळी भाऊ पास होत.

“हत्तीचे दाखवायचे वेगळे आणि खायचे वेगळे,” वहिनी म्हणत. “माझे दाखवायचे तेवढे उरलेत.”

खाणं अवघड झालं होतं, हे खरं. म्हणून वजन उतरलं, असं दोघांनी धरलं. ताईंनी तर कौतुकच केलं. “काय करतेस गं? मी हवा खाल्ली तरी अंगाला लागते. तू बघ, कॉलेजातली पोरगी दिसतेस.”

वहिनींना तहान फार लागे. टेबलावर पाण्याचा जग आला. मसाला कालवायच्या पातळ द्रवाचा वास त्या खोलीत कायम असे, डोक्यात जाणारा. त्यानेच घशाला कोरड पडते, असं भाऊ म्हणाले आणि त्यांनी खिडकीत पंखा बसवला. एवढं पाणी प्यायल्यावर सारखं उठावं लागणारच. हिरडीला मधूनच गळू येई, फुटे, पुन्हा येई. तार टोचत असेल म्हणून भाऊ तार वाकवून देत. घासून देत. पुन्हा माप घेऊन पाया बदलून देत. जखम महिनोन् महिने भरत नाही याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच होता, प्लेट अजून नीट बसलेली नाही. त्यांचा हात कुठेतरी चुकतोय. ते आणखी बारकाईने काम करत.

डोळ्यांपुढे धुरकट दिसायला लागलं तेव्हा वहिनींनी चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर वाढवून घेतला. आयुष्यभर बारीक काम केलेल्या बाईच्या डोळ्यांचं दुसरं काय होणार?

प्रत्येक दुखण्याला त्या खोलीतच एक कारण सापडत होतं. त्यामुळे खोलीबाहेर जायची वेळ आली नाही.

*

वेळ आली ती परत आलेल्या एका कवळीमुळे.

मॅडम स्वतः डबी घेऊन आल्या. एरवी कामाची डबी त्यांचा माणूस आणी, त्या येत त्या नुसत्या गप्पांना. त्या खुर्ची ओढून टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, रागावू नका. पण हे तुमच्याकडून कधी झालेलं नाही, म्हणून मीच आले.”

डबीत एका निवृत्त शिक्षकांची वरची कवळी होती. समोरच्या दोन दातांचे रंग वेगवेगळे होते. एक पिवळसर, एक निळसर पांढरा. मधली रेषाही सरकलेली. शिक्षकांच्या नातवाने पाहून विचारलं होतं, आजोबा, हा दात कुणाचा घेतला?

भाऊंनी कवळी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ती घासली होती, चमकवली होती. दातांकडे पाहिलंच नव्हतं. वहिनींनी बसवलेले दात तपासायचे असतात, हे त्यांच्या मनातही कधी आलं नव्हतं.

“बघू,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी कवळी खिडकीकडे धरली, जवळ घेतली, लांब धरली. “कुठला?”

मॅडमनी बोटाने दाखवला.

“दोन्ही सारखेच तर आहेत,” वहिनी म्हणाल्या.

मॅडमनी टेबलावरच्या रंगांच्या पट्टीतून दोन दात उचलून त्यांच्या तळहातावर ठेवले. “यातला पिवळा कुठला, वहिनी?”

वहिनींनी बराच वेळ पाहिलं. मग हसून म्हणाल्या, “आज उजेड कमी आहे.”

बाहेर लख्ख ऊन होतं.

मॅडमनी टेबलावरच्या पाण्याच्या जगाकडे पाहिलं. वहिनींच्या गळ्याच्या हाडांकडे पाहिलं. मग जरा पुढे झुकल्या. वहिनींच्या श्वासाला एक वास होता, हिरडीच्या पुवाचा आणि त्यात मिसळलेला दुसरा, जास्त पिकलेल्या फळासारखा.

“तोंड उघडा बघू.”

“तिचं काही नाही, मॅडम,” भाऊ घाईने म्हणाले. “तिचं मीच बघतो.”

“उघडा, वहिनी.”

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. मग अंगठ्याने दाबून आधी वरची आणि मग खालची प्लेट काढून टेबलावर ठेवली. त्यांचे गाल एकदम आत गेले. समोर बसलेली बाई म्हातारी झाली.

मॅडम काही क्षण प्लेटकडेच बघत राहिल्या. उचलून उलटसुलट करून पाहिलं. “हे कुणाचं काम?”

“माझं,” भाऊ म्हणाले. त्या प्रसंगातही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान आलाच.

“मी इतकी वर्षं या टेबलाशी येतीये, भाऊ. यांच्याशी गप्पा मारतीये. मला ओळखू आलं नाही.” त्या हे कौतुकाने म्हणत नव्हत्या. त्यांनी बॅटरी काढून वहिनींच्या तोंडात पाहिलं. उरलेल्या प्रत्येक दाताभोवती हिरडी सुटलेली होती, बोटाने दाबलं की पू येत होता. “पहिला कधी गेला?”

भाऊंनी सांगितलं.

“आणि तेव्हापासून रक्त कधी तपासलंत का? साखर?”

“रक्त कशाला?” भाऊ म्हणाले. “दात होता तो.”

मॅडम त्या दोघांना तसंच दवाखान्यात घेऊन गेल्या. दात काढण्याआधी बघायला म्हणून साखर मोजायचं छोटं यंत्र त्यांच्याकडे होतं. बोटाला सुई टोचून त्यांनी आकडा पाहिला. मग दुसऱ्या बोटाला टोचून पुन्हा पाहिला. आकडा त्यांनी मोठ्याने वाचला नाही. शेजारच्या मोठ्या दवाखान्यात फोन लावला आणि वहिनींना लगेच भरती करून घ्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर भाऊंनी विचारलं, “दाताचा आणि साखरेचा काय संबंध?”

“रक्तात साखर जास्त असली की हिरड्यांची जखम भरत नाही, त्यात जंतू माजतात. आणि हिरड्यांत असा पू राहिला की साखर आवरत नाही. दोघी एकमेकींना पोसतात, भाऊ. म्हणून एखाद्याचे दात असे विनाकारण हलायला लागले, हिरडी सारखी सुजायला लागली, की आम्ही आधी साखर बघायला सांगतो. कितीदा तर रोगाचा पहिला पत्ता तोंडातच लागतो.”

“पहिला दात गेला तेव्हाच लागला असता?”

मॅडमनी हात धुवायला घेतले. “आता ते नका विचारू,” त्या म्हणाल्या. “आता डोळे दाखवा. आधी डोळे.”

*

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते भाऊंना एका दमात कळलं नाही; वहिनींना कळलं. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर आतून रक्त सांडलं होतं आणि पडदा सुटत चालला होता. उजव्यातल्या बारीक रक्तवाहिन्याही फुटायला लागल्या होत्या. हे काही महिन्यांचं नाही, डॉक्टर म्हणाले, साखर वर्षानुवर्षं चढलेली असणार. लेझर करू, इंजेक्शनं देऊ. त्याने जे उरलंय ते राखता येईल. गेलेलं परत येणार नाही.

“माझं काम रंगांचं आहे,” वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, “माणसं ओळखता येतील एवढं राखायचा प्रयत्न करू.”

पुढचं वर्ष त्यात गेलं. गोळ्या, मग इंजेक्शन. मॅडमनी वहिनींच्या हिरड्या आतून साफ केल्या, एका वेळी एक बाजू, आणि पुन्हा पुन्हा बोलावून तपासल्या. वहिनी तक्रार करत नसत. खुर्चीत बसल्या की म्हणत, “करा मॅडम. आम्ही तुमच्या पोटावर पाय देत होतो, त्याची भरपाई.”

हिरड्या सुधारल्या. रक्त यायचं थांबलं, गळवं थांबली. औषधांना जुमानत नव्हती ती साखर खाली यायला लागली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा अहवाल आला तेव्हा मॅडमनी तो भाऊंच्या हातात देऊन म्हटलं, “बघा. हिरड्या आवरल्या, साखर आवरली.” प्लेटही आता टोचत नव्हती. इतकी वर्षं घासून, वाकवून, पाया बदलून जी नीट बसली नव्हती, ती हात न लावता बसली. भाऊ ती बोटांत धरून बराच वेळ उभे होते. म्हणजे तिच्यात खोट नव्हतीच.

सगळं सुधारलं, डोळे सोडून. डावा पूर्ण गेला. उजव्यात मधोमध एक डाग राहिला आणि त्याच्या कडेकडेने थोडं दिसे. समोर कुणी आलं तर वहिनी मान वळवून, कोंबडीसारखं तिरकं बघत. ही उपमा त्यांनीच दिली होती.

टेबलाजवळची त्यांची खुर्ची भाऊंनी हलवली नाही. सुरुवातीला वहिनी येऊन बसत. बोटांनी चाचपून मेणात दात लावायचा प्रयत्न त्यांनी केला. दात रांगेत लागत, पण सुरी तापवताना दिव्याची ज्योत कुठे आहे ते कळत नसे. दोनदा बोटं भाजली आणि साखरेच्या माणसाची भाजलेली जागा भरायला फार वेळ लागतो. एके दिवशी त्यांनी सुरी पुसून खणात ठेवली, खण लावला आणि आतल्या खोलीत गेल्या. भाऊ स्वतः दात बसवायला लागले. कवळ्या मजबूत होत. त्या घातलेली माणसं सगळी एकमेकांसारखी दिसत. डॉक्टर हळूहळू पूर्ण कवळ्या दुसरीकडे पाठवायला लागले आणि भाऊंकडे मोडलेल्या कवळ्या जोडायचं काम राहिलं. फक्त मॅडम सगळं काम पाठवत राहिल्या. ते कशासाठी, हे भाऊंना कळत होतं आणि आवडत नव्हतं.

*

मग वरचा सुळा गेला. साच्यात थोडा पुढे आलेला तो. समोरचे बाकी सगळे प्लेटवर आले होते, त्यांत हा एकटाच खरा उरला होता. मॅडम म्हणाल्या, हिरडी आता निरोगी आहे, पण याच्या मुळाशी हाडच उरलेलं नाही, आधीच झिजलंय, काढावा लागेल. काढला. जखम मात्र आठ दिवसांत स्वच्छ भरली. मॅडमना त्याचाच आनंद झाला.

भाऊंनी फळीवरून साचा खाली घेतला. त्या सुळ्यासाठी त्यांनी दात आधीच निवडून, घासून ठेवला होता. रंग कुणाला विचारायचा हा प्रश्न होता, म्हणून काढलेला दात त्यांनी मॅडमकडून मागून आणला होता आणि त्याच्याशेजारी ठेवून जुळवला होता. माप घ्यायचा लगदा भांड्यात कालवत ते आतल्या खोलीत गेले.

“प्लेट घाल आणि तोंड उघड.”

“कशाला?”

“माप घेतो. संध्याकाळपर्यंत होईल.”

“नको,” वहिनी म्हणाल्या.

“दुखणार नाही. भरलंय आता.”

“दुखण्याचं नाही. लावूच नका.”

भाऊंच्या हातातला लगदा घट्ट व्हायला लागला होता. “अगं, समोरचा दात आहे. बोललीस की खिंडार दिसतं.”

“दिसू दे.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. मला कुठे त्यांची तोंडं दिसणार आहेत?”

“आणि मी?” भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज चढला. “मी चोवीस तास समोर असतो. मी हे असं बघत बसू?”

वहिनींनी मान तिरकी करून त्यांच्याकडे, त्यांच्या जरा बाजूला, पाहिलं. “हो,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला दिसायला हवं.”

त्या चिडल्या नव्हत्या. पाणी आणा म्हणावं इतक्या साध्या सुरात त्यांनी ते म्हटलं होतं.

“मी मुद्दाम केलं का गं?” भाऊ म्हणाले.

“नाही. तुम्ही जीव ओतून केलंत. मीही रंग निवडून दिले. आरशात बघून.” त्यांनी हात पुढे करून चाचपलं, भाऊंच्या हातातलं भांडं त्यांना लागलं. “घट्ट झालं ना? टाकून द्या ते. भांडं लगेच धुवा, नाहीतर निघायचं नाही.”

भाऊंनी भांडं धुतलं.

*

रविवारी ताई आल्या. वहिनींच्या डोळ्यांचं कळल्यापासून त्या दर खेपेला येताना थोडं रडून येत आणि आत आल्यावर मोठ्याने बोलत. चपला काढता काढता त्यांनी सांगितलं, भिंतीचा रंग उडाला, दाराची कडी कुरकुरते, तेल घाल. मग वहिनींच्या समोर बसल्या.

“काय म्हणतीये साखर?”

“वागतीये शहाण्यासारखी,” वहिनी म्हणाल्या आणि हसल्या.

ताई थांबल्या. पुढे झुकल्या. “अगं, हे काय? तुझा दात?”

चहाचा ट्रे घेऊन भाऊ दारात उभे होते.

“ओळखलंत, ताई?” वहिनी म्हणाल्या. “पहिल्यांदाच.”

“पहिल्यांदाच म्हणजे?” ताईंनी भावाकडे पाहिलं. “आणि तू काय करतोयस? अख्ख्या गावाचे दात लावतोस आणि घरात बायको अशी? एक दात लावता येत नाही तुला?”

भाऊंनी ट्रे खाली ठेवला. खिशात कागदाच्या पुडीत तो दात होता, घासलेला, जुळवलेला. खिशावर हात ठेवून ते बहिणीसमोर बसले.

“एक नाही, ताई,” ते म्हणाले. “समोरचे सगळे माझे आहेत.”

ताईंना कळेना. मग वहिनींनी प्लेट काढून ट्रेमध्ये कपांच्या बाजूला ठेवली, आणि ताईंना कळलं. भाऊंनी सुरुवातीपासून सांगितलं. कुठला आधी गेला, कुठला मागून. कुठल्या रविवारी कुठला नवा होता. परीक्षेचंही सांगितलं. ते सांगताना त्यांना वाटलं होतं, ताई निदान रागावतील.

ताई रागावल्या नाहीत. त्या वहिनींच्या आत गेलेल्या गालांकडे बघत राहिल्या. “मी तुला म्हणाले होते,” त्या म्हणाल्या, “कॉलेजातली पोरगी दिसतेस म्हणून.”

“म्हणालात ना. मला आवडलं होतं ते.”

कप तसेच राहिले. मग ताईंनी पदराने तोंड पुसलं आणि पदराकडे पाहिलं, दोनदा.

“माझ्याही हिरड्यांतून येतं गं,” त्या हळूच म्हणाल्या. “सकाळी दात घासताना. मी म्हटलं, ब्रश कडक असेल.”

भाऊ सवयीने उठले. “बघू, ताई. इकडे उजेडात ये.”

वहिनींनी हात लांब केला. तो ताईंच्या गुडघ्याला लागला आणि तिथेच त्यांनी तो दाबून धरला.

“ह्यांना दाखवू नका, ताई,” त्या म्हणाल्या. “उद्या मॅडमकडे जा. आणि उपाशीपोटी जा, त्या रक्त तपासायला सांगतील.”

ताई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. भाऊ खिडकीपाशी उभेच होते, बहिणीसाठी ओढलेली खुर्ची एका हाताने धरून. थोड्या वेळाने त्यांनी ती टेबलाखाली सारली.

“उद्या मी येतो तुझ्याबरोबर,” ते म्हणाले.